उभी रेघ

सावळजच्या शेडमध्ये बेदाण्याची हजेरी मी लिहितो,
सतरा हंगाम झाले.
वही मालकांची, पेन माझं.
रोज सकाळी पट्टी धरून पानाच्या मधोमध
एक उभी रेघ मारायची.
डावीकडं गडी, सहाशे.
उजवीकडं बाया, साडेतीनशे.
ही रेघ कशाची, मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला नाही.

शिवरात्र झाली आणि अंकुश कागद घेऊन आला.
आली, असं लिहायला पाहिजे.
पेन अजून जुन्याच वळणानं जातं.

दाखला सांगलीहून आणलेला,
बेदाण्याच्याच अर्ध्या किलोच्या पिशवीत घडी करून.
कलेक्टरची सही, शिक्का,
नाव मंदाकिनी बापू झांबरे,
आणि लिंगाच्या पुढं एक शब्द
जो माझ्या रेघेच्या अलीकडं बसेना, पलीकडंही.
"कुणी तपासलं?"
"कोण तपासणार? मीच सांगितलं. प्रतिज्ञापत्रावर."
मी म्हणालो, माझ्या जातीच्या दाखल्यासाठी
पणज्याची शाळा हुडकत कवठ्याला पाच खेटे घातले,
आणि तू नुसतं सांगितलंस?
"नुसतं सांगायला," ती म्हणाली,
"एकतीस वर्षं लागली, भाऊ."

मग म्हणाली, बायांत लिहा.
रोजचे अडीचशे कमी पडतील, म्हणालो.
पडू देत, म्हणाली.

निवडायच्या टेबलावर हात थांबले नाहीत,
तोंडं थांबली.
काशीबाई कोरे म्हणाल्या,
आमच्या खोलीत आम्ही पदर सोडून बसतो,
घडीभर पाठ टेकतो,
तेवढीच एक जागा आहे आमची, बाबा.
त्यांचं खोटं नव्हतं. हिचंही नव्हतं.
आठ दिवस ती क्रेटच्या थप्पीमागं बदलायची,
गंधकाचा वास मुरलेल्या त्या कोपऱ्यात.
साडीवर अंकुशचाच जुना चौकड्याचा शर्ट.
बाकीच्या नवऱ्याचे घालतात.

तासगावच्या एसटीत कंडक्टरनं दाखला उलटसुलट पाहिला,
फुलच तिकीट फाडलं,
वर "रागावू नका ताई" म्हणाला.
ती 'ताई' तेवढी
तिनं दोन दिवस सगळ्यांना सांगितली.

शनिवारी पगार.
क्रेट अजून तीच उचलत होती, पंधरा-पंधरा किलोचे,
सवयीनं कुणी तिला थांबवलंच नव्हतं.
सुनंदा, वय एकोणीस, दहावीला गणितात गेलेली,
पाकीट हातात घेऊन म्हणाली,
"भाऊ, हिचे हात तेच, क्रेट तेच.
सोमवारी सहाशे, मंगळवारी साडेतीनशे.
मधल्या रात्रीत हिचं काय कमी झालं?"

पंखे फिरत होते.
मला वहीत बघावं लागलं, उत्तर असल्यासारखं.

मालक आले. म्हणाले,
हिला सहाशे द्या, वरचे माझ्याकडून, विषय मिटवा.
मंदाकिनीनं टेबलाकडं पाहिलं, त्या बेचाळीस बायांकडं,
आणि पैसे घेतले.
हो, घेतले. मी समोर होतो.
आईला आठवड्यातनं दोनदा मिरजेला न्यायचं असतं,
रक्त धुवायला.

कुणी काही बोललं नाही.
काशीबाईंनी ट्रेमधला एक काळा मणी उचलला,
बाजूला टाकला.
"घेतलेस ते बरं केलंस. आता आमचे कसे घ्यायचे
ते सांग."
जाता जाता मागं वळून,
"आणि त्या खोलीची कडी अडकते.
जरा उचलून लावायची."

सोमवारी पट्टी सापडेना.
खणात नाही, कपाटावर नाही, वजनकाट्याखाली नाही.
बाया भराभर निवडत होत्या,
एकीचीही मान वर नाही.
रेघ हातानंच मारली.
वाकडी आली, मध्येच डावीकडं कलली,
चार-पाच गड्यांच्या नावांत घुसली.

पट्टी कुणी घेतली
मी विचारलं नाही.